लॅपटॉपही हाच, टॅबही हाच?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाचे अर्ज भरून झाले की अनेक घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मुलाला तो कॉलेजसाठी हवा असतो, मुलीला नोट्स आणि चित्रांसाठी, अब्बूंना दुकानाच्या हिशेबासाठी. आणि अम्मी घरी शिकवण्या घेत असतील तर त्यांनाही. पैसे मात्र एकाच यंत्रापुरते असतात. अशा वेळी दुकानातला विक्रेता एक मोठा, चकचकीत लॅपटॉप पुढे करतो, त्याची स्क्रीन धरून थेट मागे फिरवतो, वर पेनने दोन रेघा ओढून दाखवतो आणि म्हणतो, "लॅपटॉपही हाच, टॅबही हाच. दोन घ्यायची गरजच नाही."

हे वाक्य निम्मे खरे आहे. पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात, आणि चांगल्या मोठ्या यंत्राचा आकडा सहज एक लाखाच्या वर जातो. म्हणून या लेखात आम्ही अशा मोठ्या फिरत्या लॅपटॉपची बलस्थाने आणि उणिवा घरच्या गरजांच्या तराजूत घालून पाहणार आहोत.

यंत्र नेमके काय आहे?

साध्या लॅपटॉपची स्क्रीन एका मर्यादेपर्यंतच मागे जाते. कन्व्हर्टिबल किंवा टू-इन-वन म्हणवल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या पूर्ण ३६० अंशांत फिरतात. स्क्रीन मागे नेऊन कीबोर्डच्या पाठीला टेकवली की वर फक्त काच उरते आणि बोटाने किंवा पेनने काम करता येते. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, त्याच सुमारास लेनोव्होच्या 'योगा' लॅपटॉपने ही रचना घराघरांत माहीत केली. तेव्हाचे ते यंत्र तेरा इंची होते. पुढे हीच बिजागरी पंधरा आणि सोळा इंची लॅपटॉपनाही बसवली गेली, आणि खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही तिथेच सुरू झाल्या.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. सॅमसंगचा 'गॅलॅक्सी बुक ३ प्रो ३६०' हा २०२३ मध्ये बाजारात आलेला लॅपटॉप या जातीचा चांगला नमुना आहे. सोळा इंची अमोलेड स्क्रीन, २८८० गुणिले १८०० बिंदू, जाडी १२.८ मिलिमीटर, वजन १.६६ किलो, ७६ वॅट-तासांची बॅटरी आणि सोबत पेन. एचपीचा 'स्पेक्टर एक्स ३६० १६' याच जातीचा, पण वजनाने दोन किलोच्या आसपास. एलजीचा 'ग्रॅम १६' फिरत्या रूपात दीड किलोच्या आत. नावे आणि वर्षे बदलत राहतील, पण पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या आकाराच्या कोणत्याही यंत्राला लागू पडतील.

खरी ताकद: पूर्ण पान

मोठ्या स्क्रीनचा फायदा सिनेमा पाहण्यात आहे असे सगळे सांगतात. आम्हांला त्याहून मोठा फायदा दुसरा वाटतो. १६ : १० प्रमाणाची सोळा इंची स्क्रीन उभी धरली तर ती साधारण २१.५ सेंटीमीटर रुंद आणि ३४.५ सेंटीमीटर उंच होते. आपला नेहमीचा ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटर असतो. म्हणजे अख्खे पान, अक्षर जराही बारीक न करता, कागदावर दिसेल तेवढेच स्क्रीनवर दिसते. वर थोडी जागाही उरते. चौदा इंची लॅपटॉपवर तेच पान नव्वद टक्के आकारात बसते. दहा-अकरा इंची टॅबवर ते पाऊणच उरते.

हा फरक अभ्यासात रोज जाणवतो. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, भूमितीच्या आकृत्या, शरीरशास्त्राची चित्रे हे सगळे कागदाच्या मापाने बनलेले असते. लहान स्क्रीनवर मूल सतत दोन बोटांनी पान मोठे करते, सरकवते, पुन्हा लहान करते. पान एका नजरेत दिसले तर ही कसरत वाचते.

आपल्यातल्या ज्या घरांत उर्दू वाचली जाते त्यांना तर हा आकार विशेष भावेल. नस्तालीक लिपी तिरकी उतरत येते, तिला ओळीत उंची लागते. आणि बे, पे, ते यांतला फरक नुक्त्यांचाच असतो. रेख्तासारख्या संकेतस्थळांवरची जुनी पुस्तके स्कॅन केलेली असतात, त्यांतले अक्षर फोनवर धूसर होते. इंचाला दोनशेहून अधिक बिंदू असलेल्या या स्क्रीनवर पान पूर्ण मापात उघडले की नुक्ता कुठे आहे ते डोळे न ताणता कळते. दादी-नानींच्या नजरेला याचा उपयोग नातवंडांपेक्षा जास्त होईल.

पेन: शोभेचे की कामाचे?

फिरत्या लॅपटॉपचे जास्तीचे पैसे आपण मुख्यतः पेनसाठी मोजतो. त्यामुळे पेन वापरले जाणार नसेल तर हा विषय इथेच संपवावा.

वापरले जाणार असेल तर मात्र ते खरोखर कामाचे आहे. गणिताचे समीकरण कीबोर्डवर टाइप करणे ही शिक्षा असते. पेनने ते वहीत लिहावे तसे लिहिता येते. ऑनलाइन शिकवणी घेणारी शिक्षिका स्क्रीनचाच फळा करू शकते. मेंदीचे नक्षीकाम, जरीकामाचा खाका, खत्ताती यांचा सराव करणाऱ्यांना पेनवरचा दाब ओळखणारी काच लागते, म्हणजे हलका हात बारीक रेघ आणि जड हात जाड रेघ. लिहिताना तळहात काचेवर टेकला तरी यंत्राने तो दुर्लक्षित करावा लागतो. चांगल्या यंत्रांना हे जमते, स्वस्तांत गडबड होते.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्याव्यात. पहिली, पेन डब्यात सोबत आहे की वेगळे विकत घ्यायचे. दुसरी, ते कोणत्या जातीचे आहे. सॅमसंगच्या पेनला चार्जिंग लागत नाही. इतर अनेक पेनांना बॅटरी किंवा चार्जिंग लागते. एका कंपनीचे पेन दुसरीच्या काचेवर चालेलच असे नाही. शिवाय मोठ्या लॅपटॉपमध्ये पेन ठेवायला बहुधा खाच नसते. ते दप्तरात तळाशी जाते किंवा सोफ्याच्या फटीत, आणि नेमके हवे तेव्हा सापडत नाही.

तंबू करून ठेवला तर

स्क्रीन अर्ध्याहून जास्त मागे नेऊन यंत्र तंबूसारखे उभे करता येते. कीबोर्ड मागे जातो, त्यामुळे जागा कमी लागते आणि लहान मुलांच्या हातून कळा दाबल्या जात नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्यावर पाककृती पाहायला, दुबई-रियाधमध्ये असलेल्या नातलगांशी सगळ्यांनी एकत्र बसून बोलायला, दोन मुलांना एकच धडा दाखवायला हे रूप सोयीचे आहे. इथे सोळा इंचांचा फायदा स्पष्ट आहे. चार माणसे डोके न टेकवता पाहू शकतात.

आता हातात घेऊन पाहा

विक्रेत्याच्या वाक्याचा दुसरा भाग, 'टॅबही हाच', इथे डळमळतो. दुकानात यंत्र काउंटरवर असते, म्हणून वजन कळत नाही. घरी एक साधी परीक्षा करा. मोठ्या ताटलीत दीड किलोहून थोडे जास्त तांदूळ घ्या, ती ताटली डाव्या हातावर तोला आणि उजव्या हाताने दहा मिनिटे काहीतरी लिहा. पाच मिनिटांतच ताटली मांडीवर किंवा टेबलावर येईल. लॅपटॉपचेही तसेच होते. दहा-अकरा इंची टॅब साधारण अर्धा किलोचा असतो. आमच्या उदाहरणातले यंत्र त्याच्या तिपटीहून जड आहे. पलंगावर आडवे होऊन वाचणे, बसमध्ये हातात धरणे, वर्गात उभ्याने दाखवणे यांतले काहीच त्याला जमत नाही.

आणखी एक गोष्ट हाताला खटकते. स्क्रीन पूर्ण मागे नेली की कीबोर्ड खालच्या बाजूला येतो. कळा बंद झालेल्या असतात, त्यामुळे चुकून काही टाइप होत नाही; पण बोटांना त्या लागत राहतात. टेबलावर ठेवले तर त्याच कळा टेबलाला टेकतात आणि तिथली धूळ, पोळीचा चुरा त्यांत जातो. खाली स्वच्छ कापड अंथरायची सवय लावावी लागते.

म्हणून आमचे मत असे की, हा मोठा फिरता लॅपटॉप म्हणजे टॅब नव्हे. तो टेबलावर पडलेली मोठी पाटी आहे. पाटी हवी असेल तर उत्तम. हातात धरायचे पुस्तक हवे असेल तर निराशा.

काच, बिजागरी आणि दुरुस्ती

स्पर्शाच्या स्क्रीनवर बहुधा गुळगुळीत काच असते. रंग सुंदर दिसतात, पण खिडकीकडे पाठ करून बसलात तर आपलाच चेहरा दिसतो. ज्या घरात दिवसा भरपूर उजेड आहे तिथे बसायची जागा बदलावी लागेल. अमोलेड किंवा ओलेड स्क्रीनमध्ये एक वेगळी जोखीम असते: एकच स्थिर चित्र वर्षानुवर्षे उजळ राहिले तर त्याचा पुसट ठसा उमटू शकतो. खालची टास्कबार लपवून ठेवणे, उजेड मध्यम ठेवणे आणि काम नसताना स्क्रीन लवकर बंद होऊ देणे हे साधे उपाय आहेत.

मोठी स्क्रीन दोन बिजागऱ्यांवर तोललेली असते. लॅपटॉपच्या नेहमीच्या अवस्थेत तिच्यावर बोट टेकवले की ती थोडी डोलते; त्यामुळे उभ्या स्क्रीनवर पेनने लिहिणे कुणालाच फार वेळ जमत नाही. स्क्रीन फिरवताना एका कोपऱ्याला धरून ओढण्यापेक्षा मधोमध किंवा दोन्ही हातांनी फिरवावी. घरात लहान मुले असतील तर हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा, कारण फिरणारी वस्तू त्यांना फिरवून पाहायचीच असते.

काच फुटली तर काय? अशा यंत्रांत काच आणि आतला पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. फक्त वरची काच बदलून भागत नाही. बहुधा अख्खा वरचा भाग बदलावा लागतो आणि खर्च साध्या लॅपटॉपच्या कितीतरी पट होतो. हा आकडा खरेदीपूर्वीच सेवा केंद्राला विचारावा. साध्या वॉरंटीत पडझड धरलेली नसते. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे मिळत असेल तर इथे त्याचा विचार जरूर करावा.

शरीर सडपातळ ठेवण्यासाठी या लॅपटॉपांत रॅम बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आज आठ जीबी घेऊन पुढच्या वर्षी वाढवू, हा हिशेब चालत नाही. पाच वर्षे वापरायचे असेल तर पहिल्याच दिवशी सोळा जीबी घ्यावी.

बॅटरीचा अंदाज घरी काढता येतो. ७६ वॅट-तासांची बॅटरी आणि वाचन-लेखनाला दहा ते बारा वॅट लागत असतील, तर सहा ते साडेसात तास मिळतील. व्हिडिओ कॉल, पूर्ण उजेड आणि जड कामांत हा काळ निम्म्यावर येऊ शकतो. लहान स्क्रीनच्या यंत्राला वीज कमी लागते, हे मोठ्या स्क्रीनची हौस करताना लक्षात असावे. चार्जर युएसबी-सी असला तरी फोनचा लहान चार्जर पुरत नाही. आमच्या उदाहरणातल्या यंत्राला ६५ वॅटचा लागतो.

कुणाला शोभेल, कुणाला नाही?

घरी किंवा ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षिकेला हे यंत्र मनापासून सुचवावेसे वाटते. ते टेबलावरच राहते, पेन रोज लागते आणि मोठे पान विद्यार्थ्यालाही स्पष्ट दिसते. नक्षी, खत्ताती, चित्रे यांतून कमाई करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलींनाही तसेच.

दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्यांना मोठा कीबोर्ड आवडेल. सोळा इंची यंत्रांत पुष्कळदा उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा कळसंच असतो आणि टॅलीवर हात भरभर चालतो. पण त्यासाठी स्क्रीन फिरायची गरज नाही. साधा मोठा लॅपटॉप निम्म्या किमतीत तेच करतो.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी नीट विचार करावा. रेखाटन करायचे म्हणजे पेन हवेच, असे वाटते. पण पुढे त्रिमितीय आराखडे आणि त्यांची चित्रे तयार करणारी सॉफ्टवेअर येतात, त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. सडपातळ फिरत्या लॅपटॉपांत ते बहुधा नसते. आमच्या उदाहरणातही नाही. पहिल्या वर्षी भारी वाटलेले यंत्र तिसऱ्या वर्षी धापा टाकते. कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून मगच ठरवावे.

वैद्यकीय किंवा इतर अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्या, रोज वर्गात नोट्स काढणाऱ्या मुला-मुलींना पेन असलेला हलका टॅब आणि सोबत साधा लॅपटॉप हे जोडपे जास्त उपयोगी पडेल. वर्गातल्या बाकावर सोळा इंची पाटी मावतच नाही. आमच्या उदाहरणातले यंत्र साडेपस्तीस बाय सव्वापंचवीस सेंटीमीटरचे आहे. या मापाचा पुठ्ठा कापून तो दप्तरात आणि बाकावर ठेवून पाहा. निर्णय तिथेच होईल.

एक की दोन?

दीड लाखाच्या एका यंत्राऐवजी पन्नास-साठ हजारांचा साधा मोठा लॅपटॉप आणि तीस-चाळीस हजारांचा पेनसह टॅब घेतला, तर पैसे वाचतात; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात दोन यंत्रे येतात. एक जण बाहेर गेला तरी दुसऱ्याचा अभ्यास थांबत नाही. एक दुरुस्तीला गेले तरी घर बंद पडत नाही. एकाच महागड्या यंत्रावर चौघांची कामे बांधली की त्याची एक बिजागरी तुटली तरी चौघे अडतात.

यातच एक नाजूक प्रश्न आहे, जो दुकानात कुणी विचारत नाही. यंत्र राहणार कुठे आणि कुणाकडे? 'घरासाठी' म्हणून आलेला लॅपटॉप पुष्कळदा थोरल्या मुलाच्या बॅगेत जातो. मग बहिणीला तो रात्री नऊनंतर मिळतो आणि अम्मींना तर शुक्रवारी दुपारीही मिळेलच असे नाही. पैसे सगळ्यांच्या वाट्यातून गेलेले असतात. या बाबतीत मोठ्या, जड यंत्राचा एक न सांगितला जाणारा गुण आहे: ते सहसा घराबाहेर जात नाही. बैठकीतल्या टेबलावर त्याची जागा ठरली, वेळा लिहून लावल्या आणि प्रत्येकाचे वेगळे खाते केले, तर शिकवणी, हिशेब, होमवर्क आणि नक्षी यांचा मेळ बसतो. ही शिस्त घरात शक्य असेल तर एक मोठे यंत्र शहाणपणाचे. नसेल तर दोन साधी यंत्रे बरी, आणि त्यांतले एक मुलीच्या नावावर असावे.

हप्त्यांची गोष्ट

रक्कम मोठी असल्याने विक्रेता लगेच 'नो-कॉस्ट ईएमआय' सुचवतो. ज्या घरांत व्याजाचा व्यवहार कटाक्षाने टाळला जातो, त्यांनी या नावावर विसंबू नये. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज आकारतच असते. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून कमी करते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच बिलात येतो, आणि काही ठिकाणी प्रक्रिया शुल्कही. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोख देणाऱ्याला तीच सूट मिळते का, हे आधी विचारा. थोडे थांबून, पैसे साठवून, गेल्या वर्षीचे मॉडेल कमी किमतीत घेणे हाही मार्ग आहे. अभ्यासाच्या कामांत एका वर्षाचा फरक फारसा जाणवत नाही.

दुकानात गेल्यावर

यंत्र बंद, चकचकीत अवस्थेत पाहून परतू नका. विक्रेत्याला ते सुरू करायला सांगा आणि स्वतः एवढे करून पाहा:

– स्क्रीन पूर्ण मागे फिरवा आणि यंत्र पाच मिनिटे हातात धरा.

– काउंटरवर आडवे ठेवून पेनने एक परिच्छेद लिहा. तळहात टेकू द्या.

– एखादी पीडीएफ उभ्या स्क्रीनवर पूर्ण पानात उघडा. उर्दू वाचत असाल तर उर्दूचे पानही उघडा.

– नेहमीच्या अवस्थेत स्क्रीनला बोट लावून ती किती डोलते ते पाहा.

– खिडकीकडे किंवा दिव्याकडे पाठ करून बसा आणि वाचता येते का पाहा.

– रॅम किती, पेन सोबत आहे का, स्क्रीन बदलण्याचा खर्च किती, शहरात सेवा केंद्र आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्या.

ज्याला रोज वापरायचे आहे त्याला सोबत न्यायला विसरू नका. मुलीच्या शिकवण्यांसाठी घेत असाल तर पेन तिच्या हातात द्या आणि तिला लिहू द्या. आठवड्यातून चार दिवस तरी हे पेन लागेल, असे ती सांगत असेल आणि घरात टेबलाची जागा ठरलेली असेल, तर या महाग यंत्राचे पैसे वसूल होतील. पेन 'कधीतरी लागेल' असे उत्तर आले, तर साधा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांत घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी गरज भागवा.